स्ट्रेस थॅलियम: आदल्या दिवशीचा चहा, थांबवायच्या गोळ्या आणि कॅमेऱ्याखालची वीस मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६४ वर्षांचे, गोंदियाला राहतात. बरीच वर्षं शुगर आणि बीपी आहे. दम्यासाठी पंप आणि रात्री डेरिफायलिनची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात. जिना चढताना छातीत जड होतं म्हणून नागपूरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी 'स्ट्रेस थॅलियम' (हृदयाला ताण देऊन त्याच्या रक्तपुरवठ्याचे फोटो काढायची तपासणी) लिहून दिली. तारीख पुढच्या आठवड्यातली. तयारी काय करायची, त्या दिवशी नेमकं काय करतात आणि किरणोत्साराचा धोका किती?

उत्तर लांब होणार, कारण तुमच्या बाबांना दमा, शुगर आणि गुडघे हे तिन्ही आहेत आणि तिन्हींमुळे तयारी बदलते.

सगळ्यांत आधी सेंटरला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा. ताण ट्रेडमिलवर देणार की औषधाने? आणि हृदयाच्या गोळ्या थांबवून तपासायचं आहे की चालू ठेवून? सूचनांचा छापील कागद सगळ्यांना एकच देतात, पण बाबांनी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हे या दोन उत्तरांवर ठरतं. दुसरा प्रश्न सेंटरवाले तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे ढकलतील, आणि ते बरोबरच आहे. 'ब्लॉकेज आहे का' हे शोधायचं असेल तर बहुधा गोळ्या थांबवतात. आजार आधीच माहीत असेल आणि 'औषधांवर हृदयाला पुरेसं रक्त मिळतंय का' हे पाहायचं असेल, तर गोळ्या चालू ठेवूनच करतात.

आता तपासणीत काय होतं ते. किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं की ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं. जिथे रक्त जास्त पोचतं तिथे ते जास्त साठतं, जिथे कमी तिथे कमी. एकदा आरामात आणि एकदा ताणाखाली असे दोन फोटो काढून शेजारी ठेवायचे. आरामात ६०-७० टक्के अरुंद झालेल्या हृदयाच्या रक्तनळीतूनही पुरेसं रक्त जातं, त्यामुळे आरामातला ईसीजी आणि इको दोन्ही बिनदोष येऊ शकतात. ताण दिल्यावर निरोगी नळ्यांतला प्रवाह दुपटी-तिपटीने वाढतो, अरुंद नळीतला वाढत नाही, आणि तो फरक फोटोत उतरतो. नाव थॅलियम असलं तरी हल्ली बहुतेक ठिकाणी टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलेलं सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन हे औषध देतात. खरं थॅलियम-२०१ असेल तर वेळापत्रक वेगळं: ताणानंतर लगेच एक फोटो आणि ३-४ तासांनी दुसरा, कधी दुसऱ्या दिवशीही. फोन केलाच आहे तर हेही विचारून घ्या, परतीच्या गाडीचं तिकीट त्यावर अवलंबून आहे.

चहा

या एका गोष्टीवर जास्त लिहितो, कारण सर्वांत जास्त तपासण्या इथेच वाया जातात.

औषधाने ताण देतात तेव्हा बहुधा ॲडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉन वापरतात. ही औषधं हृदयाच्या नळ्यांवरच्या ठरावीक रिसेप्टरवर (पेशीवरच्या औषध बसायच्या जागेवर) बसून नळ्या रुंद करतात. कॅफीन त्याच रिसेप्टरवर आधीच जाऊन बसतं. मग औषध दिलं तरी नळ्या रुंद होत नाहीत, अरुंद आणि निरोगी नळीतला फरक उमटत नाही, आणि फोटो छान एकसारखे येतात. तपासणी बिघडली असं कुठेच दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल येतो. आजार असलेला माणूस नॉर्मल रिपोर्ट घेऊन घरी जातो, यापेक्षा 'आज तपासणी होणार नाही, उद्या या' हे ऐकणं केव्हाही परवडलं.

शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. १२ तासांनी पाचवा हिस्सा उरतो, २४ तासांनी नगण्य. किमान अट १२ तासांची, पण बरीच सेंटरं २४ तास सांगतात. तुम्ही २४च धरा. म्हणजे तपासणी सकाळी ९ला असेल तर आदल्या दिवशी सकाळी ९च्या आधीचा चहा शेवटचा.

चहा म्हणजे ग्रीन टी, लेमन टी, काळा चहासुद्धा. 'फक्त दोन घोट घेतले नं' हेही चालत नाही. कॉफी, कॅफीन काढलेली कॉफी (तिच्यातही थोडं उरतंच), कोला, एनर्जी ड्रिंक, चॉकलेट, कोको घातलेलं दुधातलं पेय, हे सगळं बंद. चहापत्ती न घातलेला आलं-तुळशीचा काढा, लिंबू सरबत, ताक, साधं दूध चालतं. आणि लोक हमखास विसरतात ती डोकेदुखीची गोळी: सॅरिडॉनमध्ये कॅफीन आहे, सर्दीच्या काही गोळ्यांमध्येही असतं. रोज चार-पाच कप घेणाऱ्याचं चहा बंद केल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागतं, मग घरातली कोणीतरी सॅरिडॉन देते आणि सगळं मुसळ केरात. डोकं दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल द्या, पाकिटावर घटक वाचून.

धोक्याच्या जागा दोन. पहिली गाडीतली. गोंदियाहून पहाटेची गाडी पकडली की तुमसर-भंडारा रोडपर्यंत चहावाला दोन-तीनदा डब्यातून जातो आणि हात सवयीने पुढे होतो. दुसरी जागा सेंटरच्या बाहेर. पुष्कळ ठिकाणी आरामाचा फोटो आधी काढतात आणि मधल्या तासाभरात 'काहीतरी खाऊन या' असं सांगतात. नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीत दवाखान्यांच्या रांगेला टपऱ्यांची रांग लागूनच आहे. तर्री-पोह्यांबरोबर चहा येतोच, पेशंटला वाटतं अर्धं काम झालं, आता काय. ताणाचं इंजेक्शन होईपर्यंत काहीही झालं नाही असंच समजा. ते होऊन गेल्यावर मात्र चहा पिता येतो. रेगाडेनोसॉननंतर डोकं जड राहिलं तर ही तपासणी करणारे आम्हीच चहा-कॉफी घ्यायला सांगतो, कारण तेच कॅफीन आता उतारा ठरतं.

ट्रेडमिलवर करायचं ठरलं असेल तर कॅफीन तेवढं आडवं येत नाही. तरीही बंद ठेवाच. चालताना जमलं नाही तर तिथल्या तिथे औषधाकडे वळता येतं. सकाळी चहा झालेला असेल तर तो रस्ता बंद होतो.

दमा आणि डेरिफायलिन

डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन जातीची औषधं आहेत. कॅफीनची ही सख्खी भावंडं, रिसेप्टरही तोच अडवतात. ॲडिनोसिन-रेगाडेनोसॉन द्यायचं तर ती साधारण ४८ तास थांबवावी लागतात. पण दमेकऱ्याची दम्याची गोळी दोन दिवस थांबवायची आणि वर ॲडिनोसिन द्यायचं, जे स्वतःच श्वासनलिका आवळू शकतं! म्हणून हा निर्णय घरी घेऊ नका. फोनवर स्पष्ट शब्दांत सांगा: 'दमा आहे, पंप चालू आहे, डेरिफायलिन चालू आहे.'

डॉक्टरांपुढे मग तीन वाटा असतात. दमा सौम्य असेल, आटोक्यात असेल आणि त्या दिवशी छातीत घरघर नसेल तर पंप मारून, हाताशी उतारा ठेवून रेगाडेनोसॉन देता येतं. घरघर असेल तर ॲडिनोसिन आणि रेगाडेनोसॉन दोन्ही नकोत, सरळ डोब्युटामिन. ते हृदयाचे ठोके आणि जोर वाढवून ताण देतं, श्वासनलिकेला त्रास देत नाही, आणि थिओफायलिनचा त्याला अडथळा नाही. तिसरी वाट ट्रेडमिलची. ती तुमच्या बाबांना गुडघ्यांमुळे अवघड आहे आणि 'मी करतो बरोबर' या बाण्याने चढण्यात अर्थ नाही. अर्ध्यात थांबलेला ट्रेडमिल म्हणजे न दिलेला ताण.

इनहेलर मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करायचा नाही. पंप खिशात घेऊनच या.

हृदयाच्या आणि बीपीच्या गोळ्या

बीटा ब्लॉकर ओळखायची साधी खूण: नावाच्या शेवटी 'लॉल' येतं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल, कार्व्हेडिलॉल. ही औषधं ठोके वाढू देत नाहीत, म्हणून ट्रेडमिल किंवा डोब्युटामिनसाठी २४ ते ४८ तास थांबवायला सांगतात. घोळ कुठे होतो, तर एका गोळीत दोन औषधं असतात तिथे. 'बीपीची गोळी चालू ठेवा' असं सांगितलेलं असतं आणि त्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर मेटोप्रोलॉलही असतं. ब्रँडच्या नावावर जाऊ नका, स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांतले घटक वाचा, किंवा सगळ्या स्ट्रिप्सचा मोबाइलवर फोटो काढून सेंटरला पाठवा.

बीटा ब्लॉकर मनाने बंद करायचं नाही, हे दोनदा सांगण्यासारखं आहे. एकदम सोडलं तर ठोके उसळतात, छातीत दुखणं वाढू शकतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तरच, सांगितले तेवढेच तास, आणि तपासणी संपली की ठरलेला डोस पुन्हा सुरू.

डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांनाही बहुधा तोच नियम. नायट्रेटच्या लांब चालणाऱ्या गोळ्या आणि निकोरँडिल यांचा सकाळचा डोस अनेकदा थांबवतात. डायपिरिडामोल कोणी घेत असेल तर ४८ तास आधी बंद, कारण ते ॲडिनोसिनचा परिणाम फार वाढवतं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी, टेल्मिसार्टन-लोसार्टन यांना सहसा हात लावत नाहीत. घोटभर पाण्याबरोबर नेहमीसारख्या घ्यायच्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट छातीत दुखलं तर केव्हाही घ्यायची. तपासणी खराब होईल या भीतीने ती टाळणारे लोक भेटतात. टाळू नका, घेतली एवढं आम्हाला सांगा.

शुगरचं गणित उपाशी राहण्याशी जोडलेलं आहे. सेंटरने मधल्या वेळात सांगितलेलं थोडं खाणं सोडलं तर ताणाच्या आधी किमान ४ तास पोट रिकामं हवं. रात्री १०ला जेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच न खाणं हा काही पराक्रम नाही आणि मधुमेह्याला तो धोक्याचा आहे. ताण ११ वाजता असेल तर ६च्या सुमारास पोळी-भाजी किंवा उपमा खाता येतो. सेंटरला वेळ विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागा. उपाशी असताना ग्लिमेपिराइडसारखी गोळी घ्यायची नाही, ती खाण्याबरोबर. इन्सुलिन चालू असेल तर किती कमी करायचं हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा. घाम, थरथर जाणवली तर शुगर बघा आणि ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज घ्या, तपासणी बुडाली तरी चालेल.

साधं पाणी उपाशीपोटीही प्यायचं. एप्रिल-मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकतो तेव्हा रिकाम्या पोटी, तहानलेल्या अवस्थेत आलेल्या पेशंटची शीर सापडत नाही आणि ॲडिनोसिन सुरू केल्यावर बीपी जास्त घसरतं.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) हा वेगळा विषय आहे. इकडे अनेकांच्या हिशेबात खर्रा खाणं म्हणजे काही खाणं नव्हेच. तंबाखूतलं निकोटीन ठोके वाढवतं आणि हृदयाच्या नळ्या आवळतं. त्या दिवशी सकाळपासून खर्रा, बिडी, सिगारेट काहीही नको. गालात खर्रा ठेवून ट्रेडमिलवर चढल्यास ठसका लागून श्वास अडकतो, ते वेगळंच.

कपडे: पुढून बटणं असलेला शर्ट, पायात बूट. बायकांनी साडीऐवजी सलवार-कमीज. मंगळसूत्र, साखळी, तावीज फोटोच्या वेळी काढावे लागतात, कारण धातू गॅमा किरणं अडवतो. ते सांभाळायला घरचं माणूस हवं. अंगाला तेल किंवा पावडर लावू नका, ईसीजीचे इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि ऐन चालताना गळून पडतात. छातीवर केस दाट असतील तर तिथल्या तिथे थोडे काढतील. जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफी किंवा बायपासचे कागद सगळे आणा. क्रिएटिनिन या किडनीच्या रक्ततपासणीसाठी धावपळ करू नका. हे आयोडीनचं डाय नाही, किडनीला त्याचा त्रास नाही. सरकारी योजनेतून किंवा विम्यातून करायचं असेल तर मंजुरीचं आरोग्यमित्राशी किंवा विमा डेस्कशी आधीच बोलून घ्या. तपासणीच्या सकाळी ते होत नाही.

यायचं जमणार नसेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवा. टेक्निशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं. ते ज्या जनरेटरमधून (मॉलिब्डेनमपासून टेक्निशियम मिळवायच्या उपकरणातून) काढतात त्यातलं मॉलिब्डेनमही ६६ तासांत निम्मं होतं, म्हणून जनरेटर ठरावीक दिवशी बाहेरून मागवावा लागतो. देशात तो वाशीच्या ब्रिट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेकडून मिळतो. सकाळी ८ला तुमच्या नावाने काढलेला १० मिलिक्युरीचा (मिलिक्युरी हे किरणोत्सारी औषधाचं माप) डोस दुपारी २ला ५ उरतो. उशिरा येणाऱ्यावर सेंटरवाले चिडतात त्यामागे हे कारण असतं.

प्रत्यक्ष दिवस

तीन ते पाच तास धरा. वजन जास्त असेल तर दोन वेगवेगळ्या दिवशी बोलावतात. आधी वजन करतात आणि ते अंदाजाने सांगू नये, कारण औषध किलोवर मोजायचं असतं. ॲडिनोसिन मिनिटाला किलोमागे १४० मायक्रोग्रॅम, ६ मिनिटं. ७० किलोच्या माणसाला एकूण साधारण ५९ मिलिग्रॅम.

हाताच्या शिरेत सुई बसवतात. आरामाचा डोस ८ ते १२ मिलिक्युरीचा असतो, जड शिशाच्या किंवा टंगस्टनच्या आवरणातल्या सिरिंजमधून येतो. ते आवरण पाहून लोक घाबरतात. ते आमच्यासाठी आहे, आम्ही दिवसभर असे डोस हाताळतो. आत जाणारं औषध एक-दोन मिलिलीटर. तोंडाला क्षणभर कडू किंवा धातूसारखी चव आली तर ती सेस्टामिबीची. सुईच्या जागी आग झाली किंवा फुगलं तर लगेच सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर फोटो फिके येतात.

मग ४५ ते ६० मिनिटं थांबायचं. सेस्टामिबी यकृतातून पित्तात उतरतं आणि यकृत हृदयाच्या खालच्या भिंतीला अगदी खेटून असतं. त्याची चमक फोटोत हृदयावर पडू नये म्हणून हा वेळ. याच काळात दूध, लोणी-ब्रेड असं थोडं स्निग्ध आणि भरपूर पाणी प्यायला देतात.

ताणाची पाळी. ॲडिनोसिन शिरेतून मशीनच्या पंपाने सोडतात आणि तिसऱ्या मिनिटाला किरणोत्सारी औषध देतात, आरामाच्या साधारण तिप्पट. चांगल्या ठिकाणी दोघांसाठी वेगळ्या वाटा ठेवतात, कारण एकाच नळीतून दुसरं औषध जोरात ढकललं तर नळीतलं ॲडिनोसिन एकदम आत जातं आणि ठोके काही क्षण अडखळतात. चेहरा गरम होणं, छातीवर दाब, घसा-जबडा आवळल्यासारखा वाटणं, धाप, पोटात गोळा, हे बहुतेकांना होतं. म्हणजे ब्लॉकेज सापडलं असं मुळीच नाही. निरोगी माणसालाही तेच होतं. ॲडिनोसिनचा अंमल काही सेकंदांचा, पंप थांबवला की मिनिटभरात सगळं ओसरतं. रेगाडेनोसॉन ०.४ मिलिग्रॅम एका दमात देतात, वजनाचा प्रश्न नाही, पण परिणाम थोडा रेंगाळतो. जास्त त्रास झाला तर अमिनोफायलिनचा उतारा तयार असतो. डोब्युटामिन दर तीन मिनिटांनी वाढवत नेतात, छाती धडधडते. ठोके पुरेसे चढले नाहीत तर ते वाढवणारं ॲट्रोपिन देतात. म्हणून काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी सांगून ठेवा.

ट्रेडमिलवाल्यांसाठी: ब्रूस या टप्प्याटप्प्याने वाढवायच्या पद्धतीत पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर, पण पट्टा १० टक्के चढाचा. नंतर ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.४ आणि १४. लक्ष्य २२० वजा वय याच्या ८५ टक्के. ६४ वर्षांना ठोके १३३. तिथे पोचल्यावर इंजेक्शन देतात आणि त्यानंतरही एक-दोन मिनिटं चालायचंच असतं, कारण औषध स्नायूत शिरेपर्यंत ताण टिकायला हवा. इथेच लोक 'झालं ना इंजेक्शन' म्हणून दांडी धरून लटकतात. दांडीवर भार टाकला की ताण निम्मा. खूप दुखलं, गरगरलं तर मात्र ताबडतोब बोला. ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा) किंवा शरीरात पेसमेकर असेल तर चालता येत असूनही ॲडिनोसिन किंवा रेगाडेनोसॉननेच करतात, नाहीतर हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्यात खोटा दोष दिसतो.

कॅमेऱ्यासाठी अरुंद टेबलावर उताणं झोपायचं, हात डोक्यावर. दोन डिटेक्टर छातीभोवती अर्धं वर्तुळ फिरतात, जवळजवळ छातीला टेकल्यासारखे. १२ ते २० मिनिटं लागतात, नव्या प्रकारच्या कॅमेऱ्यात त्याहून कमी. बंद बोगदा नाही, आवाज नाही. कठीण फक्त एकच, न हलणं. सेंटीमीटरभर सरकलात तरी फोटोत हृदयाच्या भिंतीत नसलेलं भोक दिसू शकतं. साधा श्वास घ्या, खोल नको, बोलू नका. मधुमेह्यांचा खांदा अनेकदा आखडलेला असतो, हात वर राहत नाही. ते टेबलावर पडल्यावर सांगू नका, आधी सांगा. हाताखाली उशी देता येते. आठवडाभर आधीपासून घरी रोज दहा-पंधरा मिनिटं त्या स्थितीत पडून पाहिलं तर फायदाच. ट्रेडमिलनंतर फोटोला १५-२० मिनिटं थांबवतात, कारण धाप लागलेली असताना श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला पडदा) खाली असतं आणि श्वास शांत होईल तसं हृदय हळूहळू वर सरकतं.

पोटावर झोपवून पुन्हा फोटो घेतला, किंवा 'पाणी पिऊन या, परत घेऊ' म्हटलं, तर घाबरू नका. पुरुषांत श्वासपटलामुळे हृदयाची खालची भिंत आणि बायकांत स्तनांमुळे पुढची भिंत फिकी दिसू शकते. खरा दोष पोटावर झोपवलं तरी जागचा हलत नाही, सावली बहुधा निघून जाते. आतड्यातली चमक आडवी आली तरीही पुन्हा बोलावतात.

किरणोत्सार: एका दिवसात होणाऱ्या टेक्निशियमच्या तपासणीत अंदाजे १० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराचं माप); खरं थॅलियम असेल तर जास्त. निसर्गातून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिळतात. म्हणजे चार वर्षांचा नैसर्गिक हिस्सा एकदम. ६४ वर्षांच्या, छातीत जड होणाऱ्या माणसासाठी हा सौदा योग्य आहे. काहीच त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाने 'चेकअप' म्हणून ही तपासणी करणं मला पटत नाही. २४ तासांनी सोळावा हिस्सा उरतो, ४८ तासांनी अडीचशेवा, शिवाय लघवी-शौचातून जातं ते वेगळं. त्या दिवशी पाणी भरपूर, लघवी वारंवार, फ्लश दोनदा. नातवंडाला मांडीवर घेऊन बसणं आणि गरोदर सून-मुलीच्या शेजारी बसून लांबचा प्रवास, हे त्या दिवसापुरतं टाळा. सोबत येणारं माणूसही गरोदर नसावं. वेगळी भांडी, वेगळी खोली काही लागत नाही. दोन-चार दिवसांत विमानप्रवास असेल तर सेंटरचं पत्र जवळ ठेवा, विमानतळावरचे काही डिटेक्टर वाजतात.

रिपोर्टमध्ये हृदय १७ भागांत वाटलेलं असतं. ताणात फिका आणि आरामात भरलेला भाग म्हणजे रक्त कमी पडतंय, पण स्नायू जिवंत आहे. दोन्हींत फिका म्हणजे बहुधा जुन्या ॲटॅकचा व्रण. किती भाग, किती खोल, कोणत्या नळीच्या हद्दीत, यावर पुढचं ठरतं. दोन-चार टक्के स्नायू आणि दहा टक्क्यांहून जास्त स्नायू यांत मोठा फरक आहे, तेव्हा 'पॉझिटिव्ह' एवढ्या शब्दावर अँजिओप्लास्टीची तारीख घेऊ नका, हा आकडा विचारा. हृदयाच्या पंपिंगचा टक्काही यातच मिळतो. नॉर्मल रिपोर्ट चांगलाच दिलासा देतो: अशा लोकांत वर्षाला ॲटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण एका टक्क्याहून कमी असतं. मधुमेह्याला हा दिलासा जरा कमी आणि थोड्या काळापुरता. तिन्ही मुख्य नळ्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे सारखंच कमी औषध जातं आणि फोटो एकसारखा दिसतो. म्हणून जाणकार डॉक्टर ताणात हृदयाची पोकळी मोठी झाली का, ईसीजी बदलला का, बीपी पडलं का हेही बघतात. नळीत ३०-४० टक्के चरबी साठली असेल तर ती या तपासणीत दिसत नाही. नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन बंद करायची नसते. रिपोर्टबरोबर रंगीत चित्रं आणि सीडी मागून घ्या, पुढच्या वेळी तुलनेला ती लागतात.

आणि तारखेपर्यंतच्या या आठवड्याबद्दल: आतापर्यंत जिना चढतानाच जड होत होतं. ते बसल्या जागी व्हायला लागलं, रात्री झोपेतून उठवायला लागलं, १५-२० मिनिटं थांबेना, किंवा घाम-उलटी बरोबर आली, तर ही तपासणी त्या अवस्थेत करतच नाहीत. तेव्हा तारखेची वाट न पाहता १०८ला फोन करा किंवा गोंदियातच जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. नागपूरची गाडी पकडायची नाही.